गियर टाकणारा हात

यंत्रांच्या इतिहासांत सामान्यतः एकच दिशा दिसून येते. जें काम मनुष्य हातानें करीत असे तें हळूहळू यंत्राकडे जातें, आणि एकदां गेलेलें काम तो पुन्हां मागून घेत नाहीं. घरचें जातें गिरणीपुढें हरलें तें कायमचें. चरखा परत आला खरा, पण तो राजकारणाचें बोट धरून आला. मोटारगाडीच्या एका भागाची हकीकत मात्र या नियमाला जुमानीत नाहीं. गियर बदलण्याचें काम अमेरिकेंत १९३९ सालीं यंत्राच्या स्वाधीन झालें. आणि पुढें दहा-पंधरा वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच त्याच देशांतील कांहीं माणसें हातांत पाने घेऊन गाडीखालीं शिरलीं व तें काम परत आपल्या हातीं घेऊं लागलीं. चांगली चालती स्वयंचलित गियरपेटी उतरवावयाची, आणि भंगाराच्या आवारांतून आणलेली, दुसऱ्या कोणाच्या गाडींत झिजलेली हाताची पेटी तिच्या जागीं बसवावयाची, हा वरकरणी उफराटा दिसणारा उद्योग तेथें आजहि चालू आहे. त्याचा उगम केवळ लहरींत नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनाला एक जन्मजात खोड आहे. वाफेचें इंजिन उभ्या जागेवरूनहि पुरा जोर लावूं शकतें. पेट्रोलचें इंजिन आधीं भराभर फिरूं लागल्याखेरीज कांहींच ओढूं शकत नाहीं. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें दंतचक्रांची पेटी घालावी लागते. चढावर इंजिनानें पुष्कळ फिरावें आणि चाकांनीं थोडें, सपाटीवर इंजिनाला विसावा मिळावा, अशी ही वांटणी. १८९१ सालीं पॅरिसच्या पानार व लेव्हासोर या कारखान्यांतील एमिल लेव्हासोर यानें इंजिन गाडीच्या तोंडाशीं ठेवून त्याच्यामागें सरकत्या दंतचक्रांची योजना केली. फिरतें चक्र फिरत्या चक्रांत ढकलावयाचें ही रीत खुद्द लेव्हासोरलाहि राकटच वाटे, असें सांगतात. पण ती चालत होती, आणि सर्व जगानें तीच उचलली. ती वापरावयाची म्हणजे क्लच दाबून गियर मोकळा करावयाचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग केवळ कानाच्या अजमासानें जुळवावयाचा, आणि पुन्हां क्लच दाबून पुढचा गियर टाकावयाचा. अंदाज चुकला कीं पेटींतून जो करकराट उठे तो गल्लीच्या टोंकापर्यंत ऐकूं जाई. हेन्री फोर्डनें १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडींत हा करकराट निराळ्या रीतीनें टाळला. त्याच्या पेटींत चक्रें सदैव एकमेकांत गुंतलेलीं असत, व पट्टे आवळून गति बदलावयाची असे. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. इतरांची सुटका अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन इंजिनियरनें केली. दोन चक्रें गुंतण्यापूर्वीं त्यांचे वेग घर्षणानें आपोआप जुळवून घेणारी त्याची ‘सिंक्रोमेश’ योजना १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत आली, आणि गियर टाकणें ही विद्या न राहतां एक साधी संवय झाली.

गंमत अशी कीं, ज्या थॉम्प्सननें हाताचें काम सोपें केलें त्यानेंच पुढें तो हात निरुपयोगी करण्याचें काम अंगावर घेतलें. जनरल मोटर्स कंपनींत त्याच्या नेतृत्वाखालीं तयार झालेली ‘हायड्रामॅटिक’ पेटी १९३९ सालीं जाहीर झाली, व १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून ती ५७ डॉलर जादा किंमतीला मिळूं लागली. तींत क्लचच्या जागीं तेलानें भरलेली एक जोडणी होती. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवावा, म्हणजे पहिल्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. वाऱ्याऐवजीं तेल कल्पिलें कीं ही जोडणी समजली. मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन संशोधकाची. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें तें आगबोटींसाठीं. या जोडणीमागें चार गतींचीं चक्रें, आणि ती कोणती केव्हां गुंतवावयाची हें तेलाच्या दाबानें ठरविणाऱ्या झडपा. महायुद्धांत हीच पेटी अमेरिकेच्या ‘एम ५’ व ‘एम २४’ या हलक्या रणगाड्यांत बसली. युद्धांतून परत आलेल्या गिऱ्हाइकापुढें कंपनीला मग ती रणांत कसोटीस उतरलेली म्हणून मिरवितां आली. १९४८ सालीं ब्यूइकनें ‘डायनाफ्लो’ काढली, १९५० सालीं शेव्हरोलेनें ‘पॉवरग्लाइड’. स्वस्त गाडीच्या मालकालाहि आतां डावा पाय मोकळा ठेवून बसतां येऊं लागलें.

एक पेटी काढून दुसरी बसविण्याचा सर्वांत मोठा प्रसंग कोणा हौशी माणसाच्या अंगणांत घडला नाहीं; तो कारखानदारांवरच ओढवला. मिशिगन संस्थानांत लिव्होनिया येथें हायड्रामॅटिक पेट्यांचा प्रचंड कारखाना होता. एका विशाल छपराखालीं सगळें काम चाले, आणि मध्यें आग अडवील अशी भिंत नव्हती. १२ ऑगस्ट १९५३ रोजीं तेथें लोखंड कापण्याच्या ज्योतीची ठिणगी तेलकट तबकावर पडली. छपराच्या पोलादी पत्र्यावर डांबर होतें. तें वितळून खालीं गळूं लागलें आणि आगच पावसासारखी वर्षूं लागली. कांहीं कामगार मृत्यु पावले व कारखाना पार नाहींसा झाला. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, पाँटिअॅक या घरच्या गाड्या तर या पेटीवर अवलंबून होत्याच. पण प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीची लिंकन, तसेंच हडसन, नॅश आणि कायझर यांनाहि पेट्या येथूनच जात. प्रतिस्पर्ध्याच्या घरीं आग लागावी आणि आपली चूल विझावी, असा तो प्रकार होता. तेव्हां कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल यांच्या गाड्यांत ब्यूइकची डायनाफ्लो बसविण्यांत आली, पाँटिअॅकच्या पदरीं शेव्हरोलेची पॉवरग्लाइड पडली, आणि कित्येक गाड्या हाताच्या पेटीवरच बाहेर पडल्या. पुढें विलो रन येथील इमारतींत, जेथें युद्धकाळीं फोर्ड कंपनीनें बाँबफेकी विमानें बांधलीं होतीं तेथें, हायड्रामॅटिकचें काम पुन्हां सुरू झालें. परंतु या मधल्या काळांत एक गोष्ट सर्वांच्या ध्यानांत आली: इंजिन एकाचें व पेटी दुसऱ्याची असली तरी, मधला सांधा नीट घडविला तर, गाडी चालते.

कॅलिफोर्नियांतील तरुणांना हें शिकविण्याची गरज नव्हती. युद्ध संपल्यावर हातीं थोडा पैसा आणि अंगीं सैन्यांत मिळविलेली कारागिरी घेऊन आलेल्या या मुलांनीं १९३२ च्या सुमारच्या फोर्ड गाड्या कवडीमोलानें घेऊन त्यांना वाऱ्याच्या वेगानें पळविण्याचा छंद आरंभिला होता. १९४९ सालीं ओल्ड्समोबिल व कॅडिलॅक यांची नवीं आठ नळकांड्यांचीं इंजिनें बाजारांत आलीं. अपघातांत सांपडलेल्या गाडींतून तें इंजिन उचलावें आणि जुन्या फोर्डमध्यें बसवावें, हें ओघानेंच आलें. पण इंजिनामागची हायड्रामॅटिक जड होती. फोर्डची मूळ पेटी त्या जोरापुढें दांत गाळून बसे. यावर तोड निघाली ती भंगारांतच. कॅडिलॅकची ‘लासाल’ नांवाची धाकटी गाडी १९४० नंतर बंद पडली होती. तिच्या शेवटच्या वर्षांतील तीन गतींची हाताची पेटी चांगली दणकट होती, आणि मालक मेलेल्या घरांतील भांड्यांसारखी ती कोपऱ्यांत पडून होती. फोर्डचीच पेटी ठेवावयाची असेल तर तींत लिंकन-झेफिर गाडीचीं चक्रें भरीत. कोणत्या भंगारवाल्याकडे लासाल आली आहे ही बातमी त्या दिवसांत कशी पसरत असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

या मुलांकडे मोठ्या कंपन्यांतून कोणी पाहत होतें काय? एक मनुष्य पाहत होता, आणि त्याच्यामुळें हा विषय हौसेच्या अंगणांतून उठून एका गाडीच्या जीवनमरणाचा प्रश्न बनला.

जानेवारी १९५३ मध्यें न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलांत जनरल मोटर्सनें भरविलेल्या प्रदर्शनांत शेव्हरोलेची ‘कॉर्व्हेट’ ही दोन आसनांची गाडी प्रथम दिसली. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून या कंपनीचा जुळणीचा कारखाना होता, त्यामुळें शेव्हरोले हें नांव महाराष्ट्रालाहि परिचयाचें. पण तें परिचयाचें होतें तें सोशिक, घरगुती गाडीचें म्हणून. अमेरिकेंतहि तीच कीर्ति होती. कॉर्व्हेट मात्र कांचतंतूंच्या अंगाची, शुभ्र, सखल, अशी कीं पाहणाऱ्याची नजर ठरूं नये. पहिल्या वर्षीं निघालेल्या ३०० च्या ३०० गाड्या पांढऱ्याच होत्या व त्यांचीं आसनें लाल होतीं. हें रूप हार्ली अर्लच्या चित्रशाळेंतलें. पोटांत काय होतें? शेव्हरोलेचें जुनेंच सहा नळकांड्यांचें इंजिन, तीन कार्ब्युरेटर लावून १५० अश्वशक्तीला चढविलेलें; आणि त्यामागें दोन गतींची पॉवरग्लाइड. हाताची पेटी मागूनहि मिळत नसे. त्या जोराला पुरेल अशी हाताची पेटी शेव्हरोलेपाशीं तयार नाहीं, हें कारण सांगितलें जाई, आणि घाईघाईनें काढलेल्या गाडीला तें खोटेंहि म्हणतां येत नाहीं. पण गिऱ्हाइकाला कारणांशीं काय कर्तव्य? इंग्लंडची जॅग्वार किंवा एम. जी. घेणाऱ्याला गियर टाकावयाचा असे. ज्याला गियर नको होता त्याला कांचा नसलेली दोन आसनांची गाडी कशाला हवी होती? कॉर्व्हेटच्या दारांना खरोखरच वर-खालीं होणाऱ्या कांचा नव्हत्या. सुखासीनाला ती गैरसोयीची आणि शौकिनाला मिळमिळीत, अशी ती अधांतरीं लोंबकळली. १९५४ सालीं ३६४० गाड्या बांधल्या गेल्या, त्यांतील पुष्कळशा विक्रेत्यांच्या दारांत उभ्या राहिल्या. १९५५ सालीं आंकडा ७०० वर आला. त्याच वर्षीं फोर्डनें काढलेल्या थंडरबर्ड गाड्या सोळा हजारांवर खपल्या, आणि तींत हाताची पेटी घेतां येत होती.

न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनांत कॉर्व्हेट पाहून भारलेला एक इंजिनियर १ मे १९५३ रोजीं शेव्हरोलेंत दाखल झाला होता. झोरा आर्कस-डंटोव्ह याचा जन्म १९०९ सालीं ब्रसेल्स येथें, रशियन ज्यू आईबापांच्या पोटीं. बर्लिनमध्यें शिक्षण झालें, नाझींच्या तावडींतून निसटून तो अमेरिकेंत आला. तो नुसता आराखडे काढणारा नव्हता. फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत त्यानें स्वतः चाक धरलें होतें. १९५२ व १९५३ सालीं तो तेथें धांवला तो अॅलार्ड या इंग्रज गाडींतून. १९५० च्या शर्यतींत कॅडिलॅकचें इंजिन घातलेली अॅलार्डच तिसरी आली होती, व तीहि पेटी मोडल्यावर एकट्या वरच्या गियरवर घंटेच्या घंटे ओढीत. इंजिन, पेटी व मनुष्य यांचें नातें काय असतें हें अशा ठिकाणीं शिकलेला तो मनुष्य होता. डिसेंबर १९५३ मध्यें त्यानें वरिष्ठांना एक टिपण लिहिलें. त्याचा आशय असा होता कीं, जुन्या गाड्यांची मोडतोड करून वेगाच्या मागें लागलेलीं ही मुलें वाचतात, बोलतात, राबतात तें सगळें फोर्डसाठीं. त्यांना शेव्हरोलेकडे वळवावयाचें तर त्यांच्या हातीं देण्याजोगे भाग कंपनीनें स्वतः तयार केले पाहिजेत. पुढच्या वर्षीं कॉर्व्हेट बंद करण्याचा घाट दिसूं लागला तेव्हां त्यानें पुन्हां लेखणी उचलली व ती बंद करणें म्हणजे पराभवाची कबुली ठरेल असें बजावलें. थंडरबर्डच्या यशानेंहि त्याच्या शब्दाला वजन आलें, हें मान्य केलें पाहिजे. अभिमानाला जें उमगत नाहीं तें शेजाऱ्याच्या भरभराटीनें उमगतें.

१९५५ सालीं आठ नळकांड्यांचें, २६५ घनइंचांचें नवें इंजिन कॉर्व्हेटमध्यें आलें आणि वर्षाच्या अखेरीअखेरीस मोजक्या गाड्यांत तीन गतींची हाताची पेटीहि बसली. १९५६ सालीं कारभारच उलटला: हाताची पेटी मूळ किंमतींत, आणि पॉवरग्लाइड हवी असेल त्यानें जादा पैसे मोजावे. त्याच जानेवारींत डंटोव्हनें स्वतः डेटोनाच्या वाळूवर ताशी १५० मैलांचा वेग गांठला. १९५७ सालीं बॉर्ग-वॉर्नरची चार गतींची पेटी मिळूं लागली. त्या वर्षीं ६३३९ कॉर्व्हेट गाड्या बांधल्या गेल्या. दोन वर्षांपूर्वींच्या नऊपट. हें सारें पेटीनेंच केलें असें म्हणणें म्हणजे इंजिनावर अन्याय होईल. तरी पण स्वयंचलित पेटीच्या गाडीला हात मिळाला आणि ती मरतां मरतां वांचली, हें विधान इतिहासाला सोडून होणार नाहीं.

कारखान्यानें जें केलें तें पुढें हजारों मालकांनीं आपापल्या दारांत केलें. यासाठीं फोर्डची मस्टँग ही गाडी उदाहरणादाखल घ्यावी. एप्रिल १९६४ मध्यें ती आली, आणि तिच्या पुष्कळ गिऱ्हाइकांनीं ‘सी ४’ ही तीन गतींची स्वयंचलित पेटी पसंत केली. वीस वर्षांनंतर त्याच मस्टँगच्या नव्या पिढींत ‘टी ५’ ही बॉर्ग-वॉर्नरची पांच गतींची हाताची पेटी येऊं लागली. ती १९८३ पासून पुष्कळ बनली, पुष्कळ गाड्या ठोकल्या गेल्या, आणि भंगारांत तिचा सुकाळ झाला. तिचा पांचवा गियर असा कीं मागचा दांडा शंभर फेरे घेईल तोंवर इंजिनाला अडुसष्ट पुरतात. म्हणजे लांबच्या वाटेवर इंजिन शांत, पेट्रोल कमी. जुन्या गाडीला नव्या गाडीची पेटी लावण्याचा मोह यामुळें पडला.

ऐकावयास हें सोपें. स्वयंचलित गाडींत क्लचचें पेडल नसतें, आणि ब्रेकचें पेडल रुंद असतें. तेव्हां पेडलांचा सगळा सांगाडाच बदलावा लागतो. इंजिनामागें जो पातळ पोलादी पत्रा असतो तो काढून जड फ्लायव्हील लावावें लागतें, त्यावर क्लच; क्रँकच्या टोंकांतील भोंकांत पेटीचा दांडा टेकण्यासाठीं लहानशी पितळी बूश ठोकावी लागते, जी सी ४ च्या गाडींत घातलेलीच नसते. स्टार्टर निराळा लागतो. तेल थंड करण्यासाठीं रेडिएटरकडे गेलेल्या दोन नळ्या बुजवावयाच्या, मागचा दांडा नव्या लांबीचा करावयाचा, पेटीखालचा आडवा आधार मागें-पुढें सरकवावयाचा. आणि सर्व झाल्यावर किल्ली फिरवावी तर गाडी चालूच होत नाहीं! कारण स्वयंचलित पेटीवर एक विजेचें बटण असे. ती ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’ मध्यें असल्याखेरीज स्टार्टरला वीज जात नसे. पेटी गेली, तिच्याबरोबर बटणहि गेलें. उतावळा मालक दोन तारा जोडून मोकळा होतो, आणि मग एखाद्या दिवशीं गियरमध्यें उभी असलेली गाडी किल्लीसरशी उडी मारून समोरच्या भिंतीला भेटते. तें बटण क्लचच्या पेडलाला लावावें हा शहाणा मार्ग.

खरा सापळा याहूनहि आड दडलेला असतो. फोर्डचें हें इंजिन स्वतःच्या तोलावर फिरत नाहीं. त्याचा कांहीं तोल फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या वजनानें सांवरला जातो. जुन्या इंजिनांना हें वजन २८ औंस-इंच लागे. १९८० नंतरच्या नव्या इंजिनांत तें ५० करण्यांत आलें. पेटीबरोबर भंगारांतून फ्लायव्हीलहि आलें, दिसावयास सारखेंच, बसलेंहि नीट, आणि ५० चें चाक २८ च्या इंजिनावर चढलें, कीं इंजिन असें थरथरतें कीं मालक पेटीला दोष देतो, क्लचला दोष देतो, तीनदां सगळें उतरवितो. आणि तोंवर क्रँकचे बेअरिंग चुरडून जातात. त्याचप्रमाणें ऑगस्ट १९६४ पूर्वींच्या इंजिनाला पेटीचें आवरण पांच बोल्टांनीं बसे, नंतरच्यांना सहा. गाडी घेतांना हें ज्यानें मोजलें नाहीं त्याचा सौदा घरीं येऊन फसतो. वापरलेली पेटी तपासण्याचेंहि शास्त्र आहे. पुढचा दांडा हातांत धरून हलवावा, गियर एकेक टाकून फिरवून पाहावा, तेल काढून त्यांत पितळेचा चुरा चमकतो कीं काय तें पाहावें. १९८५ नंतरच्या सुधारलेल्या टी ५ मध्यें गियरचें जाड तेल घालूं नये; तिला स्वयंचलित पेटीचेंच पातळ तेल लागतें. ज्या पेटीला घराबाहेर काढलें तिचें तेल तिच्या सवतीच्या पोटीं गेलें, असेंच म्हणावयाचें.

हा खटाटोप योग्य कीं अयोग्य यावर जुन्या गाड्यांच्या जगांत दोन तट आहेत. चालविणारे म्हणतात, गाडी रस्त्यासाठीं आहे. जपणारे म्हणतात, कारखान्यांतून जशी निघाली तशीच ती इतिहासाचा पुरावा आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें सामान्य मस्टँगच्या बाबतींत फारसें पटत नाहीं; तशा गाड्या लाखांनीं निघाल्या. परंतु १९५३ च्या अखेरची एखादी कॅडिलॅक डायनाफ्लोसह सांपडली, आणि ‘खरी’ पेटी हीच नव्हे असें समजून मालकानें तींत हायड्रामॅटिक घातली, तर लिव्होनियाच्या आगीची त्या गाडीपुरती साक्ष पुसली जाते. आणि तिची दुरुस्ती करणाऱ्याला आपण गाडी मूळ स्वरूपाला आणली असेंच वाटत राहतें.

कॉर्व्हेटपुरता तर हा वाद कारखान्यानेंच मिटवून टाकला. जुलै २०१९ मध्यें जाहीर झालेल्या, इंजिन मध्यभागीं ठेवलेल्या नव्या कॉर्व्हेटला आठ गतींची, दोन क्लचची पेटी आहे. दोन्ही क्लच यंत्र स्वतः दाबतें, आणि चालकाच्या डाव्या पायाजवळ पेडल नाहीं. १९५३ प्रमाणेंच हाताची पेटी मागूनहि मिळत नाहीं. फरक एवढाच कीं, या वेळीं खप कमी झाला नाहीं. त्यामुळें जुन्या पेट्यांचा शोध मात्र थांबलेला नाहीं. जाणते मालक एक पथ्य पाळतात: उतरविलेली स्वयंचलित पेटी ते विकत नाहींत. तेलाचीं तोंडें बुजवून, बोल्ट एका डब्यांत घालून, डब्यावर कोणता बोल्ट कोठला हें लिहून, ती गाडीखान्याच्या कोपऱ्यांत फळीवर ठेवतात, आणि गाडी विकली जाते तेव्हां ती पेटीहि गाडीबरोबर जाते.